लाल शाईतली चार नावं

बोटीत आम्ही पाच जणी असतो, पण वल्हवतात चौघी. पाचवी सुकाणू धरते आणि ओरडते. तिला कॉक्स म्हणतात. ती मी.

हे सांगितलं की आमच्या नातेवाइकांना हसू येतं. दारात भाजीवाली आली तर मी आईला बाहेर पाठवते, शाळेच्या संमेलनात मला कायम पडदा ओढायचं काम मिळायचं. गंगापूर धरणावर मी गेले होते ती मैत्रिणीची सोबत म्हणून. फौजेतून निवृत्त झालेल्या सरांनी मला तिथल्या वजनकाट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "बेचाळीस किलो. शाळा कुठली? इंग्रजी? झालं, कॉक्स मिळाली." कॉक्स हलकी हवी आणि पंचांचं इंग्रजी तिला कळायला हवं, एवढीच त्यांची अट होती. आवाजाचं ते म्हणाले, "पाणी काढेल बाहेर."

पाण्याने खरंच काढला, पण त्याला एक कारण होतं. आमच्या धरणावरच्या जुन्या बोटीत कॉक्स मागच्या टोकाला, वल्हवणाऱ्यांकडे तोंड करून बसते. माझ्यासमोर दोन हातांवर चार नंबरची हिरा असायची. चार नंबरच्या लयीवर बाकीच्या तिघी चालतात. मी जे काही ओरडायचे ते हिराच्या चेहऱ्याकडे बघून. ती दमली की तिच्या डाव्या भुवईवर एक आठी यायची. ती दिसली की मी वेग जरा उतरवायचे. हिरा पेठकडची, डोंगरातली. माझ्याहून कमी बोलणारी माणसं मी फारशी पाहिलेली नाहीत. ती त्यातली एक. आमचं चांगलं जमायचं.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींची एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा कोरियात होणार होती, वीस-बावीस खेळांची. भारताच्या संघात आमची बोट निवडली गेली: नाशिकची हिरा, नाशिकचीच वैशाली, केरळची जिन्सी, पंजाबची रूपिंदर आणि मी. मला पाहायला मिळालेला पहिला परदेश तो. तो कसा होता हे लिहायचं ठरवलं, तेव्हा वाटलं होतं खाण्यापिण्याबद्दल आणि डोंगरांबद्दल लिहीन. तेही लिहिते. पण आधी एक गोष्ट सांगायला हवी. निघण्यापूर्वी सरांनी हिराला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फायनलला गेलीस, म्हणजे पहिल्या सहांत आलीस, तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीसाठी तुझं नाव पुढे जाईल. सातवी आलीस तर नाही. डिसेंबरात तिला अठरा पूर्ण होणार होती. म्हणजे संधी ही एकच. बोटीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी बोलत नव्हतं.

एफ मजला

आमची राहायची सोय सरोवराच्या काठी एका सात मजली इमारतीत होती. लिफ्टमध्ये आकडे होते एक, दोन, तीन, मग इंग्रजी एफ, मग पाच. आमची खोली एफवर. वैशालीने बोटांवर मोजून विचारलं, "कॉन्व्हेंट, चार कुठं गेला गं यांचा?" बोटीत मला सगळ्या कॉन्व्हेंट म्हणतात.

आमच्या मदतीला दिलेली मुलगी होती मिन-जी, तिथल्या कॉलेजात शिकणारी, चष्मेवाली, फार मायाळू. तिने मला इंग्रजीत सांगितलं की त्यांच्या भाषेत चारचा उच्चार आणि मृत्यूचा उच्चार एकच आहे, म्हणून तो आकडा दवाखान्यात आणि लिफ्टमध्ये लिहीत नाहीत. मी वैशालीला म्हटलं, "एफ म्हणजे फोर." हे खोटं नव्हतं.

खोलीत पलंग नव्हते. जमीन खालून गरम केलेली असते आणि त्यावर गाद्या घालून झोपायचं. हिराने तळवा जमिनीला लावला, मग गाल लावला, आणि म्हणाली, "राखंवर निजल्यावाणी वाटतं." दोन दिवसांत ती पहिल्यांदाच काही बोलली होती. सकाळी तांदळाची पेज, सोबत आंबवलेली लाल तिखट कोबी आणि जेवायला चपट्या लोखंडी काड्या. रूपिंदरने काड्या बघून सरळ वाटी तोंडाला लावली. पेज मात्र हुबेहूब आपल्या आजारपणातल्या पेजेसारखी होती, फक्त वर तिळाचं तेल. कोरियातली माणसं जेवताना ताटाचा आवाज होऊ देत नाहीत. आम्ही बसलो की आमचं टेबल लांबूनही ओळखू यायचं.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. वैशालीच्या घरी मखमलाबादेला शेवंतीचे मळे आहेत, त्यामुळे फुलवाला दिसला की ती थांबतेच. पांढरी टपोरी शेवंती बघून तिला राहवलं नाही. एक फूल घेऊन तिने केसात खोवलं. त्यानंतर गर्दी आमच्यासाठी बाजूला होऊ लागली. कोणी ढकललं नाही, कोणी टोकलं नाही. एका दुकानातल्या बाईने सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवले. वैशाली खूश होती: "बघ, किती मान देतात पाहुण्यांना." मिन-जीने परतताना माझ्या कानाशी सांगितलं की पांढरी शेवंती इथे फक्त मयताला वाहतात. मी बोटाने वैशालीच्या केसातलं फूल काढून खिशात टाकलं आणि म्हटलं, "कोमेजलं होतं."

धुकं आणि पूजा

सरोवर म्हणजे खरं तर धरण. दोन्ही बाजूंना लालपिवळे झालेले डोंगर, काठावर पानं गळलेल्या झाडांवर नुसतीच नारिंगी फळं, आणि रोज सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत धुकं. आपल्याकडे हिवाळ्यात गोदावरीवर दिसतं तसलं विरळ नाही. हे काठावर येऊन थांबायचं, भिंतीसारखं. पाण्यात हात घातला तर मनगटापर्यंत दिसायचा.

बोटी आयोजकांनीच दिल्या होत्या. आमची बोट वेगळ्याच जातीची निघाली. या बोटीत कॉक्स मागे बसत नाही. ती पुढच्या टोकातल्या एका अरुंद पोकळीत उताणी झोपते, पाय पुढे, फक्त डोकं बाहेर. वल्हवणाऱ्या सगळ्या तिच्या मागे. डोक्याला माइक बांधायचा, आवाज मागे स्पीकरवर जातो. माझ्या मागे आधी वैशाली, मग जिन्सी, मग रूपिंदर, आणि सगळ्यात लांब हिरा. मान वळवायला जागा नाही. मला फक्त धुकं दिसणार होतं.

"तिरडीच हाय ही," वैशाली म्हणाली. सरांनी तिच्याकडे बघितलं तेव्हा तिने जीभ चावली.

नवीन बोट पाण्यात घालायच्या आधी पूजा करायची ही आमची पद्धत. आईने कुंकवाची पुडी दिली होती आणि बजावलं होतं की श्री काढून खाली सगळ्यांची नावं कुंकवाने लिही. नारळ नव्हता. सरांनी एक संत्रं फोडलं, निदान फोडण्याचा प्रयत्न केला. ते उसळून पाण्यात गेलं आणि रूपिंदर इतकी हसली की खाली बसली. कुंकू मात्र त्या दमट हवेत धरेना, नुसता गुलाबी लगदा झाला. मग मी मिन-जीच्या टेबलावरचं न पुसणाऱ्या शाईचं जाड लाल पेन घेतलं, आत पोकळीत शिरले आणि माझ्या डोळ्यांवर येणाऱ्या भागावर लिहिलं: श्री. वैशाली. जिन्सी. रूपिंदर. हिरा. अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश लिहिलं. स्वतःचं नाव लिहिलं नाही. माझं नाव मी कुठेच पटकन लिहीत नाही, लाज वाटते.

बाहेर आले तर मिन-जी माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होती. ती वाकून आत डोकावली आणि तिने तोंडावर हात धरला.

"ही नावं आहेत? यांचीच?"

मी मान हलवली.

"लाल रंगात फक्त मेलेल्यांची नावं लिहितात," ती म्हणाली. मग घाईने, "म्हणजे, जुन्या लोकांचं म्हणणं. मी मानत नाही." पण ती धावत बोटघराकडे गेली आणि तिथे झाडलोट करणाऱ्या बाईंना घेऊन आली. पन्नाशी ओलांडलेल्या, उन्हाने काळवंडलेल्या, पायात रबरी बूट. सगळे त्यांना आजुम्मा म्हणायचे, म्हणजे आपलं मावशी. त्यांनी अक्षरं वाचली नाहीत, वाचता येणारही नव्हती. फक्त बोटाने मोजली. चार ओळी. मग माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत," मिन-जी म्हणाली, "पाचवी कुठे आहे?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं. आजुम्मा माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. राग नव्हता त्यात. आपल्याकडे अपघातातून वाचलेल्या माणसाकडे बघतात तसं.

रॉकेल, साबण, वाळू, कशानेही शाई निघेना. शेवटी आजुम्मांनी काळी शाई आणि कुंचला आणला आणि चारही नावं काळ्याने गिरवली. गिरवताना त्या हळू आवाजात बोलत होत्या. मिन-जीने सांगितलं की त्यांचं गाव या पाण्याखाली आहे. त्या सात वर्षांच्या असताना धरण भरलं. दुष्काळाच्या वर्षी त्यांच्या शाळेच्या भिंतीचा माथा वर येतो. शर्यतीची शेवटची रेषा साधारण त्याच्यावरूनच जाते.

"काय म्हणतायत गं एवढं?" वैशालीने काठावरून विचारलं.

"बोट घाण करू नका म्हणतायत."

बोटीत इंग्रजी फक्त मला नीट येत होतं. चौघींपैकी कोणाला काय कळू द्यायचं हे माझ्या हातात होतं, आणि मी ठरवलं होतं की हिराच्या डोक्यात या आठवड्यात लयीशिवाय काही जाता कामा नये. मला ते शहाणपणाचं वाटलं.

मोजणी

काठ सोडण्याआधी बोटीत मोजणी होते. पुढून मागे प्रत्येकीने आपला नंबर ओरडायचा, मग मी "चला" म्हणायचं. आम्ही मराठीत मोजायचो. जिन्सीला हिंदी आणि मराठी सारखीच परकी, म्हणून तिने "दोन" शिकून घेतलं होतं.

पहिल्या सकाळी पाण्यावर गेलो, थांबलो. धुक्यात काठ नाहीसा झाला होता. मी म्हटलं, "मोजा."

काहीच नाही. मग "दोन". "तीन". "चार".

"एक?" मी विचारलं.

"म्हटलं की!" वैशाली माझ्या डोक्यामागे हातभर अंतरावरून ओरडली. "बहिरी झाली का कॉन्व्हेंट?"

धुकं आवाज खातं, असं सर म्हणाले. बरोबर असेल. पण दोन आणि तीन आणि चार, लांबचे, मला ऐकू आले होते.

दुसऱ्या सकाळी एक आलं, दोन आलं, मग रिकामी जागा, मग चार. रूपिंदरला विचारलं तर ती शपथेवर सांगू लागली की तिने ओरडलं होतं. जिन्सीनेही सांगितलं, ओरडली, माझ्या कानाशीच ओरडली. मी उताणी पडून वर बघितलं. काळ्या अक्षरांच्या कडेने लाल दिसत होतं, नख लागल्यासारखं.

पात्रता फेरी दुपारी झाली, स्वच्छ उन्हात. चारही नंबर खणखणीत ऐकू आले. आम्ही चौथ्या आलो. त्यामुळे सरळ फायनल हुकली, पण दुसऱ्या संधीची एक फेरी बाकी होती. तिच्यातल्या पहिल्या दोघी फायनलला. सरांनी वेळा कागदावर मांडल्या आणि म्हणाले, "या चार बोटींत तुम्ही दुसऱ्या आहात. फक्त रोजच्यासारखं करा." हिराने कागद हातात घेतला, आपल्या वेळेवर बोट ठेवून बराच वेळ उभी राहिली, मग घडी घालून परत दिला.

मधल्या दिवसाच्या सकाळच्या सरावात "दोन" आलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना मी हिराच्या समोर बसले होते. एक, तीन आणि दोन होऊन गेले होते. मी तिला सांगू शकले असते. ती काड्यांनी एकेक शेंगदाणा उचलायला शिकत होती, अगदी मन लावून. मला म्हणाली, "नोकरी लागली का तुला दिंडोरीची द्राक्षं आणीन. स्वताच्या पैशाची. मळ्यातली उचललेली नाय." आणि हसली. मी शेंगदाण्यांची वाटी तिच्याकडे सरकवली.

रेषेच्या अलीकडे

दुपारनंतर वारा सुटणार म्हणून आमची फेरी सकाळी घेतली. धुकं होतं, पण फाटलेलं. तरंगणाऱ्या गोळ्यांची रांग काही अंतरापर्यंत दिसत होती, तेवढं पंचांना पुरेसं होतं. मी पोकळीत शिरले. दमटपणाने काळी शाई ओघळून गेली होती. तीन नावांवर थोडी शिल्लक होती. हिराचं नाव पूर्ण लाल झालं होतं, मी लिहिलं त्या दिवशीसारखं.

"मोजा," मी म्हटलं. एक. दोन. तीन. चार. चारही आले. मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरले, आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

शर्यतीबद्दल लिहायला मला फारसं येत नाही, कारण मी ती पाहिली नाही, ऐकली. डाव्या हाताला जपानची बोट आमच्या पुढे गेली. उजवीकडच्या दोन मागे पडल्या. आमची लय अशी लागली होती की पाण्याचा आवाज एकच येत होता, चार वल्ह्यांचा मिळून एक. हजार मीटरची खूण गेली. आम्ही दुसऱ्या होतो, पाऊण बोटीच्या फरकाने.

शेवटच्या टप्प्यासाठी आमची एक रीत आहे. मी एकेकीच्या नावाने दहा वल्ही मागते. जिचं नाव घेतलं तिने आपला नंबर ओरडायचा आणि बाकीच्यांनी तिच्यासाठी ओढायचं. कोणीतरी आपल्यासाठी ओढतंय हे कळलं की मेलेल्या हातांत जीव येतो, असं सर म्हणतात.

"दहा वैशालीच्या!"

"एक!"

"दहा जिन्सीच्या!"

"दोन!"

"दहा रूपीच्या!"

"तीन!"

धुक्यात पुढे शेवटच्या रेषेचे पिवळे गोळे दिसू लागले. आठशे नव्हे, पाचशे नव्हे, जेमतेम दोनशे मीटर असतील.

"दहा हिराच्या!"

काही आलं नाही.

"हिरा! दहा हिराच्या!"

पाण्याचा आवाज तसाच होता. पण मला तो तिघींचा वाटला. मला वाटलं बोट मागून हलकी झाली आहे. जुन्या बोटीत मी तिची भुवई बघितली असती आणि झालं असतं. इथे माझ्या डोळ्यांसमोर तिचं नाव होतं, लाल, आणि खाली त्या बाईंची शाळा.

मी ओरडले, "थांबा!"

कॉक्सने थांबा म्हटलं की कारण विचारायचं नसतं. चार वल्ही एकदम पाण्यात रुतली. मी चार म्हणते कारण चार होती, धक्क्यावरून कळलं. उजवीकडून दोन्ही बोटी आमच्या बाजूने गेल्या. त्यांच्या कॉक्स ओरडत होत्या, मग त्यांचं ओरडणं पुढे गेलं, मग काठावरून भोंगा वाजला. तीनदा.

"काय झालं?" मागून हिराचा आवाज आला. अगदी नेहमीचा, फक्त धापा टाकत. "कॉन्व्हेंट? काय झालं?"

पंचांची मोटरबोट जवळ आली. गोऱ्या, उंच पंचांनी इंग्रजीत विचारलं काय अडचण आहे. मी म्हटलं, मला वाटलं आमची एक जण हरवली. त्यांनी हाताचं बोट रोखून आम्हाला मोजलं, एक ते पाच, आणि हळुवारपणे म्हणाले, "तुम्ही सगळ्या आहात."

आम्ही उरलेलं अंतर कापलं. फायनल गेली. एकूण यादीत आमचा नंबर शेवटून पहिला लागला.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बेटा, पाणी पी." रूपिंदर माझ्याशी बोलली नाही. जिन्सी बोटघरामागे रडत होती. वैशालीने मला विचारलं, "का गं?" आणि उत्तराची वाट न बघता वल्ही धुवायला गेली. हिरा पायऱ्यांवर बसून तळहाताच्या फोडांवर चिकटपट्टी लावत होती. मी तिच्या खालच्या पायरीवर बसले.

"तू ओरडली का नाहीस?"

"मी कशाला ओरडू?" ती म्हणाली. "तू दहा म्हटलं आन लगेच कोणी 'चार' म्हटलं ना. मला वाटलं तूच म्हटलं माझ्या वाटचं. म्या म्हटलं बरं झालं, दम वाचला. तो दम शेवटाला काढणार होते."

"मी नाही म्हटलं."

"म्हटलं कोणीतरी. स्पीकरच्या पेटीतून नाय आला आवाज, पुढून आला. तुझ्या पल्याडून." तिने दाताने पट्टी तोडली. "बाईमाणूस होतं. लहान पोरीवाणी."

मी बाकीच्यांना विचारलं. वैशाली म्हणाली तिला स्वतःच्या छातीच्या ठोक्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पुढून आवाज आला असेल तर सगळ्यात आधी तो मला यायला हवा होता, मी तिथेच होते. मला आला नाही.

निघण्याच्या दिवशी मी आजुम्मांना शोधलं. त्या बोट घासत होत्या. नावं गेली होती. लाकडासकट खरवडली असावीत, तो भाग पांढरा पडला होता. मिन-जी नव्हती, त्यामुळे आम्हाला एकमेकींशी बोलता आलं नाही. मी पाण्याकडे बोट करून चार बोटं वर केली. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि माझ्या हातात दोन नारिंगी फळं ठेवली. फार गोड होती. मी ती विमानात एकटीने खाल्ली.

दिंडोरीची गाडी

नाशिकला पोचलो तेव्हा ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली होती. हिराच्या घरचे सगळे दिंडोरीला द्राक्षमळ्यात कामावर आले होते, म्हणून ती पेठला न जाता तिकडेच जाणार होती. बाबा म्हणाले सोडून येतो. मी म्हटलं मी जाते. बसस्थानकात आम्ही दोघी तिच्या बॅगेवर बसलो. बॅगेवर भारताचं नाव छापलेलं होतं, येणारीजाणारी माणसं वाचत होती. एका म्हाताऱ्या माणसाने विचारलं, "पोरींनो, जिंकल्या का?" हिरा म्हणाली, "नाय बाबा." तो म्हणाला, "आसू द्या."

तिथे मी तिला सगळं सांगितलं. एफ मजला, शेवंती, लाल पेन, कोणाचा नंबर कुठल्या दिवशी आला नाही ते, पाण्याखालची शाळा. इंग्रजीत ऐकलेलं सगळं मराठीत, एका दमात. आयुष्यात एवढं सलग मी कोणाशी बोलले नव्हते.

गाडी लागली, लोक चढू लागले, तरी ती बसून राहिली.

"म्हंजे मी मेले आसं समजून तू थांबवलं?"

"हो."

"आन तुला ठावं होतं का थांबली का माझी नोकरी जाते."

"हो."

तिच्या डाव्या भुवईवर आठी आली. मग ती उठली, बॅग खांद्याला लावली. पायरीवर चढून वळली आणि माझ्या बरोबर समोर, दोन हातांवर, तिचा चेहरा आला.

"आईक," ती म्हणाली. "पुढच्या टायमाला थांबायचं नाय. मी मेले आसले तरी नाय. आधी रेघ वलांडायची. मंग मागं बघायचं, कोण हाय आन कोण नाय."

पुढचा टाइम नव्हता. डिसेंबरात तिला अठरा पूर्ण होणार होती, हे तिलाही माहीत होतं.

"बरं," मी म्हटलं.

"मोठ्यानं म्हण. मागं आईकू येत नाय."

बसमधली माणसं बघत होती. मी मोठ्याने म्हटलं.